इंग्रज सरदारणीचं गणगोत कसं जुळवायचं : एका निवृत्त तलाठीबाईची पद्धत

लेडी ॲन क्लिफर्डची वंशावळ मी पहिल्यांदा मांडली ती पुतण्याच्या लग्नातल्या उरलेल्या पत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर, आणि ती साफ चुकली. तिच्या डायरीत ‘माय सिस्टर कॉम्प्टन’ असं येतं. मी ॲनच्या शेजारी एक बहीण काढली, तिला कॉम्प्टनांच्या घरी दिली आणि मोकळी झाले. दोन दिवसांनी कळलं, ॲनला बहीण नव्हतीच. दोन भाऊ होते, तेही सहा वर्षांचे व्हायच्या आत गेले. ही ‘सिस्टर’ म्हणजे तिची नणंद.

करवीर तालुक्यात तीस वर्षं तलाठी म्हणून वारस नोंदी घातल्या आणि इथे पहिल्याच फेरफारात नणंदेला बहीण करून बसले. तेव्हापासून एक पद्धत बसवली आहे. इंग्लंडच्या सतराव्या शतकातल्या कुठल्याही खानदानी बाईला ती लागू पडते, पण मी ती ॲनवरच सांगते, कारण माझी ओळख तिच्याशी. भाची लीड्सला असते. तिच्याकडे गेले होते तेव्हा तिने एक दिवस स्किप्टनचा किल्ला दाखवला. आतल्या चौकात एक यू नावाचं झाड आहे, हे ॲननं १६५९ मध्ये लावलं म्हणतात. आपल्याकडे तेव्हा प्रतापगडावर अफजलखान येऊ घातला होता. त्या झाडाखाली उभं राहून वाटलं, या बाईचा सातबारा बघायला पाहिजे.

सुरुवात नावांच्या कागदापासून करा. वंशावळीला अजून हात लावू नका. एका कोऱ्या पानावर त्या बाईची आयुष्यभरातली सगळी नावं, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत ती चालली, एवढंच लिहा. ॲन जन्माने लेडी ॲन क्लिफर्ड. १६०९ मध्ये रिचर्ड सॅकव्हिलशी लग्न झालं आणि ती काउंटेस ऑफ डॉर्सेट झाली. (अर्ल हा उमरावाचा किताब, त्याची बायको ती काउंटेस.) तो १६२४ मध्ये गेला, मग डॉर्सेटची डाउजर, म्हणजे विधवा काउंटेस. १६३० मध्ये फिलिप हर्बर्टशी दुसरं लग्न, आता काउंटेस ऑफ पेम्ब्रोक अँड माँटगमरी. १६५० मध्ये तोही गेला, मग पेम्ब्रोकची डाउजर. कागदोपत्री तिच्यापुढे सॅकव्हिल किंवा हर्बर्ट हे आडनाव शोधाल तर हाती फारसं लागणार नाही. नवऱ्याचं आडनाव बाजूला राहतं आणि किताबच नाव होऊन बसतो.

हे आपल्याला नवं नाही. माहेरच्या सातबाऱ्यावर माझं नाव एक, रेशनकार्डावर दुसरं. वडील गेल्यावर ‘ह्या दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र मलाच करून द्यावं लागलं, तेही मी स्वतः तलाठी असताना. ॲनसाठी असं प्रतिज्ञापत्र कोणी केलेलं नाही, ते तुम्हाला करायचं आहे. शिवाय १६२४ ते १६३० या काळात ‘काउंटेस ऑफ डॉर्सेट’ दोघी होत्या. थोरल्या भावाची विधवा ॲन, आणि किताब मिळालेल्या धाकट्या दिराची, एडवर्डची, बायको मेरी कर्झन. दोघी जावा. साल न बघता कागद उचललात तर एकीचं पत्र दुसरीच्या खाती जमा होईल.

किताबाला आकडा नसेल तर तो किताब घेऊच नका. ‘अर्ल ऑफ थॅनेट’ म्हणजे कोण? ॲनची थोरली मुलगी मार्गारेट दुसऱ्या अर्लला दिली होती, आणि तिचे चार मुलगे एकामागून एक तिसरा, चौथा, पाचवा, सहावा अर्ल झाले. नुसतं ‘थॅनेट’ लिहिलं तर जावई की नातू, हेही सांगता यायचं नाही.

मार्गारेट या नावाने तर मला घाम फोडला. ॲनच्या आईचं नाव मार्गारेट, आईच्या आईचं मार्गारेट, आत्या मार्गारेट, पहिल्या नवऱ्याची आई मार्गारेट, आणि मुलगी मार्गारेट. शिवाजी पेठेतल्या एखाद्या वाड्यात आक्का म्हणून हाक मारली की चार बायका ओ देतात, तसला प्रकार. मी त्यांना नंबर दिले आणि शेजारी माहेरचं आडनाव लिहिलं : रसेल, सेंट जॉन, क्लिफर्ड, हॉवर्ड, सॅकव्हिल. बाईची खरी खूण माहेरच्या आडनावात असते, ते कधीच गाळू नका.

आता तारखा. इथे इंग्रजी जाणणारी माणसंही फसतात. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत कायद्याचं नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे पहिले चोवीस दिवस मागच्याच वर्षात मोजायचे. आपल्याला हे पटकन कळतं, कारण शकही पाडव्याला बदलतो. जानेवारीतल्या मोडी कागदावर जुनाच शक असतो. आता ॲनचं बघा. जन्म ३० जानेवारी १५९०, पहिलं लग्न २५ फेब्रुवारी १६०९, मृत्यू २२ मार्च १६७६. तिन्ही तारखा नेमक्या त्या फटीत. जुन्या कागदावर त्या १५८९, १६०८ आणि १६७५ अशा दिसतील. म्हणून जाणकार ‘१६७५/६’ असं जोडून लिहितात. तुम्हीही तसंच लिहा. नाहीतर आजोबांच्या आधी नातू मेल्यासारखे चमत्कार तुमच्या कागदावर होतील. तीन दिवस उशिरा गेली असती तर निदान मृत्यूच्या सालाचा घोळ टळला असता.

हे झालं की मग माझा खरा नियम. प्रत्येक इंग्रजी नात्याला मराठी शब्द द्या. देता आला नाही तर ते नातं तुम्हाला अजून सापडलेलं नाही, तिथे रेघ ओढायची नाही, पेन्सिलीने प्रश्नचिन्ह टाकायचं.

इंग्रजी ‘आंट’वर काही भागत नाही. आत्या, मावशी, काकू की मामी? ॲननं १६४६ च्या सुमारास एक भलंमोठं तीन भागांचं चित्र काढून घेतलं, ते आता केंडलच्या ॲबट हॉल या कलादालनात आहे. मधल्या भागात आईवडील आणि दोन भाऊ उभे आहेत. डावीकडे पंधरा वर्षांची ॲन, उजवीकडे उतारवयातली ॲन. मधल्या भागात मागच्या भिंतीवर चार बायकांच्या छोट्या तसबिरी टांगलेल्या दिसतात. चौघी तिच्या ‘आंट’. मी चौघींना मराठी शब्द द्यायला बसले तेव्हा कुठे घराची रचना उलगडली. वॉरिकची काउंटेस ॲन आणि बाथची काउंटेस एलिझाबेथ, या दोघी रसेल, म्हणजे आईच्या बहिणी, मावश्या. लेडी व्हॉर्टन झालेली फ्रान्सिस ही वडिलांची सख्खी बहीण, आत्या. आणि डर्बीची काउंटेस मार्गारेट? ती पण आत्याच, पण सावत्र. ॲनच्या आजोबांची पहिली बायको एलिनॉर ब्रँडन, ती आठव्या हेन्रीच्या बहिणीची मुलगी, म्हणजे राजाची भाची. तिची लेक ही मार्गारेट. पहिली वारल्यावर आजोबांनी ॲन डेकरशी लग्न केलं, तिची मुलं म्हणजे ॲनचे वडील जॉर्ज, चुलते फ्रान्सिस आणि ती सख्खी आत्या. ‘सावत्र’ हा एक शब्द लिहायला गेले आणि राजघराण्याची सोयरीक हाती लागली. आणि ती ॲनच्या रक्तातली नाही, हेही त्याच शब्दाने कळलं.

त्या काळच्या इंग्रजीची स्वतःची खोड वेगळी आहे, ती पाठच करून ठेवा. ‘सिस्टर’ म्हणजे बहीण, नणंद, जाऊ किंवा भावजय. ‘मदर-इन-लॉ’ म्हणजे सासू, पण बऱ्याचदा सावत्र आईसुद्धा. ‘सन-इन-लॉ’ म्हणजे जावई किंवा सावत्र मुलगा. ‘कझिन’ म्हणजे कोणीही लांबचा-जवळचा नातलग. ‘नेफ्यू’ आणि ‘नीस’ हे शब्द नातवंडांनाही लावलेले सापडतात. ‘फ्रेंड्स’ असं दिसलं तर मैत्रिणी समजू नका, लग्न ठरवणारी घरची मंडळी असतात ती. आणि ‘मिसेस’ म्हणजे लग्न झालेलीच असं मुळीच नाही.

आपले शब्द फार नेटके, असा तोरा मात्र नको. मी स्वतः सासूबाईंना आत्ती म्हणते आणि सासऱ्यांना मामा म्हणायचे. त्या माझ्या वडिलांच्या कोणी लागत नाहीत. पूर्वी आत्याच्या घरात मुलगी द्यायची चाल होती, त्याची ही खूण. इथल्या गादीच्या ताराबाई राणीसाहेबच बघा, ॲन वारली त्याच्या आदल्या वर्षी त्यांचा जन्म. हंबीरराव मोहित्यांची ही लेक, नवरा राजाराम महाराज, आणि राजाराम महाराजांच्या आई सोयराबाई या हंबीररावांच्या बहीण. म्हणजे सासू ती आत्याच. एखाद्या इंग्रजाने ताराबाईंचं गणगोत मांडायला घेतलं तर तोही माझ्यासारखाच चकेल.

‘सिस्टर कॉम्प्टन’चा उलगडा असाच झाला. पहिल्या नवऱ्याची, रिचर्डची, बहीण सेसिली. तिचा नवरा सर हेन्री कॉम्प्टन. इथवर नणंद आणि नणंदेचा नवरा. पण रिचर्डची आई, ती हॉवर्ड मार्गारेट, १५९१ मध्येच वारली होती. सासऱ्यांनी दुसरं लग्न केलं ते ॲन स्पेन्सर नावाच्या विधवेशी, आणि तिच्या आधीच्या नवऱ्याचं आडनाव कॉम्प्टन. सर हेन्री तिचाच मुलगा. म्हणजे नणंदेचं लग्न तिच्या सावत्र आईच्या मुलाशी लावलेलं. सासूबाईंना हे सांगितलं तर त्यांनी कानावर हात ठेवले. पण त्या समाजात ही रीत होती, दोन घरची मिळकत एका छपराखाली राहते. ॲनच्या दुसऱ्या नवऱ्यानेही आपल्या धाकट्या मुलासाठी ॲनच्या धाकट्या मुलीचा, इझाबेलाचा, हात मागितला होता. ॲन अडून बसली. नवराबायकोचं बिनसलं त्यात हेही एक कारण होतं. इझाबेला पुढे नॉर्दॅम्प्टनच्या अर्लला दिली, त्याचंही आडनाव कॉम्प्टन! म्हणून म्हणते, आडनाव जुळलं म्हणून माणूस जुळवू नका.

आणखी एक छोटी गोष्ट. लिहितात एक आणि म्हणतात दुसरं. ॲनची दुसरी ‘सिस्टर’, तीही नणंदच, जिचा किताब मी ‘बोशँप’ वाचत होते, त्याला इंग्रज ‘बीचम’ म्हणतात. भाचीला फोन लावून उच्चार विचारला, मगच देवनागरीत लिहिलं.

माणसं जागेवर बसली की विचारायचं, कोणाला काय मिळालं? याशिवाय सोयरीक कळत नाही. दोन रंगांची पेनं घ्या. निळ्याने किताब कसा गेला ते दाखवा, लाल पेनाने जमीन कशी गेली ते. दोन्ही एका वाटेने जातात असं धरून चालू नका. कंबरलंडचा अर्ल हा किताब फक्त पुरुष वारसाचा. १६०५ मध्ये ॲनचे वडील जॉर्ज वारले तेव्हा तो सरळ चुलत्याकडे, फ्रान्सिसकडे गेला. त्याबद्दल तक्रार नव्हती. जमिनीची गोष्ट मात्र निराळी. दुसऱ्या एडवर्ड राजाच्या काळापासून ती अशी बांधलेली होती की पोटच्या वारसाकडे जावी, मग तो मुलगा असो वा मुलगी. जॉर्जनं मृत्युपत्र करून ती भावाला लिहून दिली आणि मुलीला १५,००० पौंड ठेवले.

वाचताना मी खुर्चीत सरळ झाले. वडिलार्जित मिळकत, एकुलती एक मुलगी, आणि बापाने परस्पर धाकट्या भावाच्या नावे केलेली. माझ्या सज्जात असा तंटा दर वर्षी असायचा. पोरीला दागिने आणि लग्नाचा खर्च दिला, आता तिचा काय संबंध, हे वाक्यही तेच. फरक एवढा की इथे बहिणी निमूटपणे हक्कसोडपत्रावर सही करतात. मीही केली, भाऊबीज तुटू नये म्हणून. ॲननं केली नाही. आई तिच्या बाजूला उभी राहिली. नवऱ्याला रोख रक्कम हवी होती, म्हणून तो सही कर म्हणून मागे लागला. १६१६ मध्ये त्याने दोन वर्षांची मुलगी तिच्यापासून काढून नेली. १६१७ मध्ये खुद्द पहिल्या जेम्स राजाने निवाडा दिला : जमीन चुलत्याची, भरपाईचा पैसा नवऱ्याच्या हाती, आणि चुलत्याचा पुरुषवंश खुंटला तर मात्र जमीन ॲनकडे. तिने तो निवाडाही मान्य केला नाही. पण चुलतभाऊ हेन्री १६४३ मध्ये मुलगा मागे न ठेवता वारला, आणि अडतीस वर्षांनी सगळं तिच्याकडे आलं. कंबरलंडचा किताब तिथेच संपला. कागदावर निळी रेघ १६४३ ला तुटते आणि लाल रेघ वळून ॲनपाशी येते. रंग वेगळे ठेवले नसते तर हे डोळ्याला दिसलंच नसतं.

इथे कोल्हापूरच्या माणसाला हटकून एक प्रश्न पडतो. हेन्रीने दत्तक का नाही घेतला? आपली गादीच दत्तकाने चालली. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १८८४ मध्ये दत्तक आले आणि शाहू महाराज झाले. पण इंग्लंडच्या कायद्यात दत्तकाला जागाच नव्हती, ती १९२६ मध्ये झाली. त्यामुळे सतराव्या शतकात वंशावळीत मुलगा नसेल तर पुढची रेघ मुलीकडे, भावाकडे किंवा पुतण्याकडेच जाणार. दुसऱ्या घरून आणलेला मुलगा शोधत बसू नका.

पुरावा कुठला धरायचा? गावोगावच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही ठेवायचा हुकूम १५३८ चा, त्यामुळे सतराव्या शतकासाठी त्या वह्या मिळू शकतात. मोठ्या घरची बरीचशी मृत्युपत्रं कँटरबरीच्या धर्मन्यायालयात शाबीत व्हायची; १८५८ पर्यंतची ती आता लंडनमध्ये क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत आणि त्यांची सूची घरबसल्या शोधता येते. उमरावांच्या वंशावळीची जाड छापील पुस्तकंही आहेत, पण त्यात मुलींना बहुधा एका ओळीत उरकलेलं असतं. मी ती फक्त किताबांच्या आकड्यांसाठी बघते. नात्यासाठी मृत्युपत्र उत्तम, कारण पैसा वाटताना माणूस नाव चुकत नाही.

ढालींवरची चिन्हं वाचता आली तर उत्तम, नाही आली तर अडत नाही. एवढं लक्षात ठेवा : ढाल उभी दुभंगलेली असेल तर बघणाऱ्याच्या डावीकडे नवऱ्याचं घराणं, उजवीकडे बायकोच्या बापाचं. ॲपलबीच्या सेंट लॉरेन्स चर्चमध्ये ॲनची समाधी आहे. तिच्या आईच्या समाधीवर आईची निजलेली मूर्ती आहे. ॲननं स्वतःची मूर्ती बसवलीच नाही, त्या जागी भिंतीवर ढालींची वंशावळ आहे.

दगडावरचा मजकूर मात्र कधी सोडू नका. ब्रूमच्या किल्ल्याजवळ रस्त्याकडेला ॲननं १६५६ मध्ये एक खांब उभारला. २ एप्रिल १६१६ ला तिथे तिची आणि आईची शेवटची भेट झाली. पुढच्या महिन्यात आई वारली. दर वर्षी त्या दिवशी तिथे गोरगरिबांना चार पौंड वाटायची तिने सोय केली, खांबाशेजारी त्यासाठी दगडी चौथरा आहे. आता त्यावरचा लेख तलाठ्याच्या नजरेने वाचा. आईच्या आठवणीचा खांब, पण सुरुवातीलाच लिहिलंय की उभारणारी ही पेम्ब्रोकची विधवा काउंटेस, कंबरलंडच्या अर्ल जॉर्जची मुलगी आणि ‘सोल एअर’, एकमेव वारस. आईचा उल्लेख त्याच्या पुढे. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा जागी बाईने वारस नोंद दगडात घालून ठेवली आहे. ना तलाठी, ना सर्कल, ना हरकतीची मुदत.

कागद तयार झाला की शेवटची तपासणी. इंग्रजी न येणाऱ्या घरच्या मोठ्या बाईला तो मराठीत वाचून दाखवा. अडखळाल तिथे चूक आहे. मी सासूबाईंना वाचून दाखवला, दुपारी चहाच्या वेळी. ॲन, तिचे दोन नवरे, सावत्र आत्या, चुलता, राजाचा निवाडा, सगळं त्यांनी ऐकून घेतलं. चहा बशीत ओतला. मग म्हणाल्या, ‘‘ते सगळं असू दे गं. थोरला मेला, किताब धाकट्याला गेला. मग त्या धाकट्या जावेचं काय झालं? ती मेरी?’’

मी तिच्यावर एक ओळ लिहून पुढे गेले होते. शोधलं तर मेरी कर्झन ही पहिल्या चार्ल्सच्या मुलांची सांभाळकर्ती होती. १६४५ मध्ये ती वारली तेव्हा राजाशी लढणाऱ्या पार्लमेंटनंच तिच्या अंत्यविधीची व्यवस्था केली आणि तिला वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरलं. पत्रिकांच्या गठ्ठ्यातून मी आणखी एक ओढली आणि पाठकोऱ्या बाजूला वर लिहिलं : मेरी, माहेर कर्झन.